सरांची डबलरोटी

पाव चहात बुडवण्याआधी सर तो दोन बोटांनी दाबून बघत. मऊ लागला की चेहरा खुले आणि समोर कुणीही असो, वाक्य ठरलेलं, "पाल्यानं गुरांचं पोट भरतं. माणसाला डबलरोटी पायजे."

दिंद्रुडच्या शाळेत आम्ही बरीच वर्षं सोबत काढली. ते गणित शिकवत, मी मराठी. मधल्या सुट्टीत तुम्ही त्यांना पाहायला हवं होतं. पाव मिळाला तर पाव, नाहीतर डब्यातली भाकरी चहात कुस्करायची. भाजीचा कप्पा मात्र न उघडताच माझ्याकडे यायचा.

"तुमी खा. मला बगवत बी न्हाई."

सरांच्या बायकोला, वहिनींना, हे ठाऊक नसावं असं मी धरून चाललो होतो. एकदा आठवडी बाजारात त्यांनीच मला गाठलं.

"भाऊजी, शेपू आवडत न्हाई वाटतं तुमाला? निम्मी परत आलती."

त्या हसू लागल्या.

"माहीत आहे, तर रोज देता कशाला?" मी विचारलं.

"एखांद्या दिशी खातील की."

सरांचा भाजीवरचा राग मला आधी थट्टेचा विषय वाटे. एका दुपारी पेपर तपासताना मी तो काढला, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांचे वडील मेंढरं राखायचे. लहानपणी एका दुष्काळात कळप गेला आणि घरातला दाणा संपला.

"आई रानातल्या तरोट्याचा पाला उकडायची. सकाळी त्योच, संध्याकाळी त्योच. भाकर मागितली की तोंड फिरवायची. एकदा गेवराईच्या बाजारात कुणीतरी डबलरोटीचा तुकडा हातावर ठेवला. तवा वाटलं, आता आपुन मरत न्हाई."

एवढं बोलून ते पुढचा पेपर तपासू लागले. मी त्यानंतर कधी थट्टा केली नाही.

सर निवृत्त झाले आणि त्याच वर्षी वहिनींच्या गालात गाठ निघाली. जबड्याचं मोठं ऑपरेशन झालं. मी अंबाजोगाईच्या दवाखान्यात भेटायला गेलो, तर सर वहिनींना दुधात पार विरघळवलेला पाव चमच्यानं भरवत होते. दुसरं काही त्यांना गिळता येत नव्हतं. बोलताही येत नव्हतं. वाटी संपल्यावर त्यांनी सरांकडे बोट केलं आणि मग स्वतःच्या तोंडाकडे. आता तुम्ही खा.

सरांनी पिशवीतून डबा काढला. भाकरी आणि मेथीची भाजी. ते एकेक घास खात होते आणि वहिनी एकेक घास बघत होत्या. डबा रिकामा झाला तेव्हाच त्या डोळे मिटून पडल्या.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "सर, आवडायला लागली का भाजी?"

"न्हाई हो. अजून तोंडात फिरती. पर ती बगते ना, तवा उतरती गळ्याखाली."

वहिनी त्या दुखण्यातून उठल्या नाहीत.

दहाव्याला आम्ही ओढ्याच्या काठी जमलो. पिंडाभोवती वहिनींच्या आवडीचं सगळं मांडलं होतं, पण कावळा शिवेना. झाडावर कावळे बसून होते, खाली एकही उतरत नव्हता. वहिनींच्या भावानं हात जोडून त्यांच्या लेकीला सांभाळायचा शब्द दिला. लेकीनं बापाकडे बघायचा शब्द दिला. ऊन चढत गेलं. शेवटी कुणीतरी सरांच्या कानाशी म्हणालं, "भाजी खाईन म्हणा सर. त्यातच जीव अडकला आसंल."

वहिनी गेल्यापासून सरांनी चहापलीकडे काही घेतलं नव्हतं. ते पिंडापुढे गेले आणि घरात बोलावं तसं बोलले.

"हे बग, तुला खोटं सांगत न्हाई. तुज्यामागं भाजी माझ्याच्यानं खाल्ली जायची न्हाई. पर उपाशी राहणार न्हाई मी. येवढं खरं धर."

थोड्या वेळानं एक कावळा उतरला, त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि पिंडाला चोच लावली.

सर तिथेच वाळूत खाली बसले. लेकीनं त्यांच्या तोंडापुढे घास धरला. त्यांनी तोंड उघडलं. घासात काय आहे, हे त्यांनी बघितलंही नाही.