दरीच्या वरचं पाणी

श्रावण लागला की ती घटना आजही आठवते. माझं घर बनारसच्या रामघाटावरचं, तिथल्या जुन्या मराठी वस्तीतलं. नोकरी उत्तर प्रदेश पोलिसांत, आणि तेव्हा विंध्याच्या जंगलाकाठचं एक ठाणं माझ्याकडे होतं. पावसाळ्यात बनारसकर इथल्या धबधब्यांवर गोवऱ्या पेटवून बाटी-चोखा, म्हणजे निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे आणि भरीत, करायला लोटतात. धबधब्याला इकडे दरी म्हणतात. बंदोबस्ताची कटकट असायची, पण खरं सांगतो, त्या हिरव्या डोंगरात मी फार सुखात होतो.

एका रविवारी दुपारी वर्दी आली. ब्रह्मा घाटावरचे एक म्हातारे मराठी वैदिक गुरुजी पुतण्याबरोबरच्या सहलीतून बेपत्ता. खालच्या डोहात गेले असावेत म्हणून पाणबुडे उतरवले. एवढ्यात चहावाल्याने शिपायाला खबर दिली, "साहब, भतीजे से खूब झगड़ा हुआ था." पुतण्याने आम्हाला भांडणाचा शब्दही सांगितला नव्हता. संशय येणारच.

त्याला जीपमध्ये बसवलं. "सर, मैंने कुछ नहीं किया," याच्यापुढे तो जाईना. हेड कॉन्स्टेबल आवाज चढवू लागले. मी त्यांना बाहेर पाठवलं आणि मराठीत विचारलं, "काकांना काय बोललास रे?"

मराठी ऐकताच तो ढसाढसा रडला. "काकांच्या कळशीत सोवळ्याचं पाणी होतं. कणीक मळता मळता मी तोच हात घातला. ते ओरडले. मी म्हटलं, एवढं सोवळं असेल तर घरीच बसायचं! पाणी ओतून ते निघून गेले. माझ्यामुळे गेले हो, साहेब."

"कळशी घेऊन?"

"हो."

मी कपाळावर हात मारला. डोहात अर्धं बनारस साबण लावून अंघोळ करत होतं. सोवळ्यातला माणूस त्या पाण्याला बोट तरी लावेल का? तो गर्दीच्या वर, ओढ्याच्या स्वच्छ पाण्याकडेच जाणार! आम्ही मात्र खाली गळ टाकून बसलो होतो.

पुतण्याला घेऊन ओढ्याच्या काठाने वर चढलो. कड्याखालच्या कपारीत आदिमानवाने गेरूने काढलेली हरणं आहेत. तिथेच गुरुजी सुजलेला पाय पसरून बसले होते. घसरून पाय मुरगळला होता आणि धबधब्याच्या आवाजात हाका कुणाला ऐकू गेल्या नव्हत्या. मला बघून म्हणाले, "आलात? आधी ही हरणं बघा. काय हात आहे हो!"

पुतण्याने त्यांचे पाय धरले.

"रडतोस काय गाढवा? सकाळपासून उपाशी आहे मी. काही आणलंयस?"

त्याच्या खिशात एक बाटी होती. तो ती काढेना. "काका, ही ओवळी आहे. चपलांसकट आलोय मी."

"दे म्हणतो ना."

गुरुजींनी बाटी मोडली, निम्मी पुतण्याच्या तोंडात घातली आणि निम्मी स्वतः खाल्ली. माझेही डोळे भरून आले, लाजायचं काय त्यात!

या प्रकरणात गुन्हा नोंदलाच गेला नाही. पण पुढच्या सगळ्या नोकरीत, कुणी समोर तोंड मिटून बसला की मी आधी त्याच्यासाठी चहा मागवायचो. पुष्कळ माणसं नुसत्या शरमेने गप्प असतात.