गौरी नापास, साहेब पास

मंडळी, आज आमच्या बुऱ्हाणपूरच्या कराटे क्लासमध्ये पिवळ्या पट्ट्याची परीक्षा होती. बाहेरून परीक्षक आले होते. कमरेला काळा पट्टा आणि डोक्यात हवा.

माझी विद्यार्थिनी गौरी अकरा वर्षांची आहे, ऑटिस्टिक आहे. कुणी ओरडलं की ती कान झाकते. म्हणून मी तिला आकडे बोटांनी दाखवते आणि पाय कुठे ठेवायचे ते जमिनीवर टेप लावून आखते.

साहेबांनी आल्याआल्या टेप उपटून काढली. "मॅडम, ये नर्सरी है क्या?"

तरी पोरीने सगळ्या हालचाली बिनचूक केल्या. मग साहेबांना हुक्की आली, स्वतः करून दाखवायची. आणि तेच चुकले.

गौरी शांतपणे म्हणाली, "सर, इथे डावा पाय पुढे असतो."

झालं! गौरी नापास. कारण काय, तर "अनुशासन नहीं है." चूक हॉलमधल्या सगळ्या पालकांनी पाहिली होती, पण माना डोलावल्या त्या साहेबांकडे बघून.

तिला जैनाबादला घरी सोडायला निघाले, तर तापीच्या पुलावर तिने विचारलं, "दीदी, सरांची परीक्षा परत कधी आहे?"