संध्याकाळचा रकाना

"आधी बगायचं, मग लिवायचं." हे वाक्य आमचे भांडारपाल दिवसातून दोनदा म्हणत आणि म्हणण्यापूर्वी सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसत. मग लसींच्या फ्रीजचे झाकण उचलून आत वाकत, तापमापी वाचत आणि भिंतीवरच्या तक्त्यात आकडा लिहीत. सकाळी एक, संध्याकाळी एक. नेमून दिलेले काम पूजेसारखे करणारी अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील.

शहराच्या कडेला असलेल्या आमच्या आरोग्य केंद्रात ते औषधसाठा सांभाळत. मी विज्ञानाची शिक्षिका. सकाळची शाळा सुटली की लसीकरणाच्या नोंदणीसाठी माझी तिथे नेमणूक असे.

बाळांच्या लसीच्या कुपीवर एक खूण असते. उष्णता लागली की तिचा रंग बदलतो. आमच्याकडच्या कोरोनाच्या कुप्यांवर ती खूण नव्हती. फ्रीजचे तापमान आपोआप टिपणारे यंत्रही बंद पडले होते. त्यामुळे लस चांगली राहिली की नाही, याचा पुरावा एकच, तो तक्ता. मी वर्गात मुलांना त्याचे उदाहरण देत असे. नोंद कशी असावी, तर अशी.

बूस्टरचे नवे पत्र आले, तेव्हा त्यांनी ते मला मोठ्याने वाचायला लावले. दुसऱ्या डोसनंतरचे अंतर नऊ महिन्यांऐवजी सहा. एका कुपीत दहा डोस, आणि कुपी उघडली की चार तासांत संपवायची. "नावं आणा बाई, मग कुप्या मागतो," ते म्हणाले. कुणी वजनदार माणूस चार कुप्या जास्त मागा म्हणून सांगायला आला, तर त्याला खुर्ची देत. "बसा पावणं. यादीत नाव हाय का?" नाव नसे. पाहुणे चहा घेऊन जात.

मी चाळीस ज्येष्ठांची यादी केली. पहिले नाव कळंब्याच्या एका निवृत्त एसटी चालकाचे होते. ते तीनदा येऊन गेले होते. चार कुप्या आल्या. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी सत्र ठरले.

सत्राच्या आदल्या दुपारी मी तयारी बघायला साठ्याच्या खोलीत गेले आणि तक्त्यापाशी थबकले. घड्याळात साडेबारा वाजले होते. त्या दिवसाच्या संध्याकाळच्या रकान्यात आकडा होता. चार पूर्णांक सहा. अक्षर त्यांचेच.

प्रयोगाचा दिवा पेटवण्याआधीच निरीक्षणे लिहिणाऱ्या मुलांच्या वहीची पाने मी फाडलेली आहेत. त्या क्षणी मात्र मला हात उचलवेना. शेवटी एवढेच विचारले, "संध्याकाळ झाली का?"

त्यांनी चष्मा काढला. या वेळी पुसला नाही.

"मोतीबिंदू हाय बाई. सकाळचं खिडकीतनं ऊन येतंय, तवा दिसतंय. सांजचं दिव्याखाली नुसतं पांढरं. पाडव्यापास्नं दोन्ही आकडं सकाळीच लिवतोय." सांगितले असते तर ही खोली काढून घेतली असती, असे ते खाली बघत म्हणाले.

आम्ही पाचपर्यंत थांबलो. मी झाकण उचलून तापमापी वाचली. चार पूर्णांक आठ, म्हणजे दोन ते आठच्या मर्यादेत. माझा जीव भांड्यात पडला आणि मीच म्हणाले, "बरोबर आहे की. उद्याचं होऊन जाऊ दे. चाळीस माणसं येणार आहेत." ते वाक्य माझ्या तोंडून निघाले, याचा धक्का मला आजही त्या आकड्यापेक्षा मोठा वाटतो.

"आजचं बरोबर हाय," ते म्हणाले. "बाकीच्या सांजा कुणी बगितल्यात?"

फ्रीजवर त्यांनी 'वापरू नये' अशी चिठ्ठी डकवली. डॉक्टरांना स्वतःच्या हाताने पत्र लिहिले आणि पाडव्यापासून डोस घेतलेल्यांची यादी सोबत जोडली.

सकाळी फाटकाशी ते स्वतः उभे राहिले. येईल त्याला सांगत, "लस न्हाय. चूक माजी हाय." एसटीचे चालक सगळे ऐकून घेऊन म्हणाले, "डोळं अधू झालं तवा मी गाडी सोडली. तुमी फ्रीज धरून बसलाय व्हय?"

"तुमचं बरोबर हाय," ते म्हणाले, आणि पुढच्या माणसाकडे वळले.

कुप्या तपासणीला गेल्या. भांडारपालांना साठ्यावरून काढले, चौकशी लागली. ते त्या खोलीत पुन्हा आले नाहीत. काही दिवसांनी नव्या कुप्या आल्या, चालकांनी पहिली सुई घेतली आणि बाही खाली करत विचारले, "चष्मेवालं कुटं गेलं?" मी यादीत त्यांच्या नावापुढे खूण केली.

जुना तक्ता फाईलला लावताना मी शेवटची ओळ पाहिली. सकाळी लिहिलेला तो आकडा त्यांनी एका सरळ रेघेने खोडला होता. शेजारी चार पूर्णांक आठ. आणि खाली, रकान्यात न मावणाऱ्या मोठ्या, वाकड्या अक्षरांत:

'बघितले, बाईंनी. लिहिले, मी.'