बेळगावला निघालो, ऑक्सिजनसाठी हुबळीला गेलो

भिंतीपलीकडून येणारा अण्णाचा आवाज मला अजून ऐकू येतो. माझा थोरला भाऊ. शाळेत माझ्या दोन वर्ग पुढं. त्यांचे मास्तर डस्टरनं टेबलावर ठोके द्यायचे, टप् टप् टप्, आणि अण्णा शार्दूलविक्रीडित वृत्तातले श्लोक म्हणायचा. बाराव्या अक्षरावर थांबायचा. मग उरलेली सात. अलीकडच्या वर्गात आम्ही गणित सोडून ऐकत बसायचो.

तोच अण्णा नऊ वर्षांपूर्वी, त्याच्याच मुलीच्या, मंजूच्या लग्नात, मी रचलेली मंगलाष्टकं संपता संपता माइकवरून म्हणाला, "तिसऱ्या ओळीत यतिभंग आहे." म्हणजे थांबायच्या जागी शब्द मधोमध तुटलाय. अक्षता अजून हवेत होत्या. तेव्हापासून तो बेळगावला गप्प, मी धारवाडला गप्प. यतिभंग नव्हता, हे वाचकांच्या माहितीसाठी.

परवा नलिनी, आमची सौभाग्यवती, म्हणाली, "दोघंही ऐंशीच्या घरात आलात. कोण आधी जातो बघत बसणार आहात काय?" म्हणून बेळगावचं ठरलं. रेल्वे आहे, बस आहे, पण मला गाडीच न्यायची होती. बोलणं बिनसलं तर लगेच परतायला आपलं वाहन बरं.

निघायच्या आदल्या दिवशी गाडी पुसायला घेतली, सुरू केली, तर इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

"हा विझल्याशिवाय मी बसणार नाही," नलिनी म्हणाली. "आणि तुम्हाला एकट्याला सोडणार नाही. चला हुबळीला."

धारवाड-हुबळी वीसेक किलोमीटर. रस्ता उत्तम, मधली मार्गिका बसची, तिच्यात आपण घुसू नये. सकाळी लवकर निघावं, नाहीतर अमरगोळला बाजाराकडं वळणाऱ्या कांद्याच्या ट्रकांमागं काव्यशास्त्रविनोदाला भरपूर वेळ मिळतो. उणकलला तळ्याकाठी चहा चांगला. भोवती इमारती इतक्या उठल्यात की तळंच कुणाच्या तरी परसात पाहुणं आल्यासारखं दिसतं.

आमचा नेहमीचा मेकॅनिक बसवराज, त्याचं गॅरेज तिथून जवळ. त्यानं गाडीला यंत्र जोडलं आणि विजयानं माझ्याकडं पाहिलं.

"काका, हीटर जाणार म्हणून दिवाळीतच सांगितलं होतं की नाही? होगेत्रि, गेला बघा! तुम्हीच म्हणालात, राहू दे."

म्हणालो होतो. थंडीत गाडीत गरम हवा सोडतो तो हीटर, असं मी धरून चाललो होतो. धारवाडात हीटर कशाला, स्वेटर आहे, असंही म्हणालो होतो.

बसवराजनं समजावलं. इंजिनातून धूर जातो त्या पाइपात एक सेन्सर असतो. धुरात ऑक्सिजन किती उरला ते तो बघतो, त्यावरून पेट्रोल कमी-जास्त होतं. पण तापल्याशिवाय त्याला काही उमगत नाही. म्हणून त्याच्या पोटात बारीक हीटर.

"म्हणजे चहाच्या आधीचे तुम्ही," नलिनी मला म्हणाली.

"फ्यूज असणार," बसवराज म्हणाला. "पैजेवर सांगतो." फ्यूज शाबूत. "मग वायर." मीटर लावून बघितलं, वीज सेन्सरच्या तोंडापर्यंत नीट येत होती. शेवटी त्यानं सेन्सरचा प्लग सोडवला आणि हीटरच्या दोन पांढऱ्या वायरींना मीटर लावला. काटा ढिम्म. आतली तार तुटलेली.

"सेन्सर गेलाय. म्हटलंच होतं मी."

"तुम्ही फ्यूज म्हटलं होतं," नलिनी म्हणाली.

"सुरुवात फ्यूजपासून करायची असते री, काकू."

सेन्सर कोप्पीकर रोडच्या मागच्या गल्लीत मिळाला. खर्च एका बऱ्या इरकल साडीइतका, उपमा नलिनीची. शेजारी गिरमिट आणि मिरची भजी खाल्ली. गिरमिट लगेच खावं, चुरमुरे मऊ पडले की मजा जाते.

परत आलो तर जुना सेन्सर पाइपात घट्ट बसलेला. तेल सोडून बसवराज पान्यावर हातोडी घालत होता. तेवढ्यात मंजूचा फोन.

"काका, उद्या येताय ना? बाबांना अजून सांगितलं नाही मी."

मी ओरडून सांगितलं, "अगं, ऑक्सिजनचा घोळ झालाय! हुबळीत तपासलं. हीटर जळलाय. नवीन बसवतायत. पण थंड झाल्याशिवाय काही सांगता येत नाही म्हणतात!"

"कोण थंड झाल्याशिवाय?" मंजू किंचाळली, आणि माझा फोन बंद पडला. आमच्या दोघांत फोन एकच. घरी आल्यावर चार्जिंगला लावला. स्विच दाबायचा राहिला, ते सकाळी कळलं.

नवा सेन्सर बसला, दिवा विझला. "खरी परीक्षा सकाळी, गार इंजिनावर," बसवराज पुन्हा म्हणाला. ज्यांच्या गाडीला हेच दुखणं आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं. तापलेल्या गाडीवर सगळंच बरं दिसतं.

सकाळी गार गाडी सुरू केली. दिवा पेटला नाही. थोडा वेळ थांबलो, तरी पेटला नाही. प्रवासातून काय उरलं म्हणाल, तर जिभेवर मिरची आणि एक सुधारलेली गाडी. बेळगावला न जाण्याचं कारण तेवढं हुबळीत राहिलं. नलिनीनं पिशवी मागच्या सीटवर ठेवली. मी अण्णाला म्हणायचं पहिलं वाक्य जुळवत होतो. एकही नीट बसेना.

चप्पल घालायला आत आलो, तर बेल वाजली.

दारात अण्णा. टोपी तिरकी, सदऱ्याचं बटण चुकलेलं. मागं फाटकापाशी मंजू रिक्षातून थर्मास उतरवत होती. त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. खिशातून ते बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र काढलं, माझा हात ओढला, लावलं, आणि चष्मा वर करून वाट बघत राहिला.

"सत्त्याण्णव," तो म्हणाला. नऊ वर्षांतला पहिला शब्द.

मग त्यानं ते स्वतःच्या बोटाला लावलं. त्याचंच कमी भरलं. नलिनीनं आधी त्याला खुर्ची दिली.