बाबांच्या वाढदिवसाला कागदाची बाग

"वाढदिवस कसला करताय? मी काय कुक्कुलं बाळ आहे?" बाबा म्हणाले आणि त्याच दमात विचारलं, "केक बिनअंड्याचा आहे ना?" म्हणजे होकार होता.

सरकारी नोकरीतून ते निवृत्त झाले आणि दिल्लीतलं क्वार्टर सोडून आम्ही नोएडात, तिसऱ्या मजल्यावरच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. क्वार्टरच्या मागे इवलीशी जमीन होती आणि तिच्यात बाबांनी कोकणातून आणून लावलेला अळू. दिल्लीच्या उन्हाळ्यात त्याला ते दोनदा आंघोळ घालायचे. आम्हाला एकदाच मिळायची. निघताना आई म्हणाली, "चार कंद तरी काढून घ्या हो." पण बाबा पडले तत्त्वाचे! "जमीन सरकारची, तर तिच्यातलं सगळं सरकारचं." भरगच्च पानांचा अळू तसाच सोडून आले आणि गाडी वळेपर्यंत मागे बघत राहिले.

नोएडात गॅलरीत एक कुंडी ठेवायलाही तयार होईनात. "ही काय जागा आहे? हवेत टांगलेली!" दिवसभर पेपर घेऊन बसायचे. त्यांचे ते स्वच्छ, रिकामे हात मला बघवत नव्हते. ते पुन्हा मातीत गेलेले बघायचे होते, बस्स.

मी तेव्हा नुकतीच एका परदेशी कंपनीत लागले होते. तिथे वाढदिवसालाही थीम असते, हे नवं ज्ञान झालं होतं. लगेच जाहीर केलं: मार्चमधली पिकनिक, सोसायटीच्या पार्कात, थीम बाग, आणि पाहुण्यांनी येताना एकेक रोप आणायचं.

पार्क म्हणजे बोर्ड मोठा आणि आत विटांच्या कठड्यांत उभ्या काटक्या. शेजारी नवा टॉवर उठत होता, त्याची धूळ बटाटेवड्यांवर. म्हणून मी रात्रभर क्रेप कागदाची फुलं करून दोऱ्यांवर बांधली होती. बाबांनी ती चष्मा वर करून न्याहाळली. "ह्यांना पाणी किती घालायचं?"

आईने औक्षण करायला घेतलं तर वाऱ्याने निरांजन तीनदा विझलं. शेवटी मी चटई उभी धरली आणि बाबा त्या आडोशाला गुन्हेगारासारखे बसले. पाहुणे नर्सरीतले गुलाब, पिटुनिया आणत होते. बाबा प्रत्येकाला "अच्छा, छान" म्हणत आणि फाइल पुढे सरकवावी तशी कुंडी टेबलाखाली सरकवत. माझा धीर सुटत चालला होता.

सगळ्यांत शेवटी जुन्या कॉलनीतले शेजारी, मूळचे नागपूरचे काका आले. दिल्लीहून दोन बस बदलून, काखेत तेलाचा गंजका डबा. आत नुसती माती.

"काका, रोप घरीच राहिलं वाटतं?"

"तुझा वाढदिवस आहे का? गप बस." त्यांनी डबा बाबांच्या मांडीवर ठेवला. "तुमचाच अळू आहे हो. वहिनींनी आमच्या हिला कधीचा दिला होता. पानं थंडीत गेली."

बाबांनी बोट मातीत खुपसलं. मग दुसरं. मग मनगटापर्यंत हात. आई ओरडली, "अहो, केक कापायचाय!" पण त्यांच्या बोटांना कंदाचा पांढरा कोंब लागला होता आणि कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

"एवढी घट्ट माती? जीव गुदमरला असेल याचा! काय हो, पंधरा वर्षं शेजारी राहून हेच शिकलात?"

काका नुसते हसले. ओरडा काकांना पडत होता आणि आनंद मला होत होता.

बाबा डबा उराशी धरून उठले. नव्या शर्टाची वाट लागली. माझ्याकडे वळून म्हणाले, "आपल्या गॅलरीत ऊन सकाळचं येतं की दुपारचं?"

"जुलैपासून राहतोय तिथे," आई म्हणाली आणि पदराने डोळे टिपले, "आणि आत्ता विचारताय होय?"