देव्हाऱ्यातलं नाणं

“ह्याला आता तोंडच राहिलं नाही हो वहिनी. वितळवून नवा करू का?”

सराफ बाजारातल्या त्या लहानशा दुकानात मी मागे, भिंतीला टेकून बसले होते. चुलतभावाचं लग्न ठरलं होतं, म्हणून काकू देव उजळायला घेऊन आली होती आणि मला सोबतीला. देव म्हणजे देव्हाऱ्यातले टाक, देवांच्या प्रतिमा उठवलेले चांदीचे छोटे पत्रे. घोड्यावरचा खंडोबा, आठ हातांची देवी, आणि शेवटी अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा, वेडावाकडा चौकोनी तुकडा. सोनारकाका त्याच्याबद्दल बोलत होते.

“करा की,” काकू म्हणाली. “सासूबाईंच्या वेळीही तो असाच होता. कोण देव आहे तेच कळत नाही. रोज नमस्कार करते आपली, कुणाला पोचतो कुणास ठाऊक!”

दोघंही हसले. सोनारकाकांच्या चिमटीत तो तुकडा उजेडाकडे कलला आणि मला त्यावर सूर्य दिसला. मधे ठिपका, भोवती वर्तुळ, मग किरण. शेजारी, अर्धा त्याच्यावरच चढलेला, टेकडीसारखा दुसरा ठसा.

मला आहत नाणी ओळखता येतात, हे घरी कुणालाच माहीत नाही. रविवारी सकाळी चालायला जाते असं सांगून मी नाणी जमवणाऱ्यांच्या बैठकीला जाते आणि शेवटच्या खुर्चीवर बसते. आहत म्हणजे ठोकलेली. आपल्याकडची ही सगळ्यात जुनी नाणी. चांदीचा पत्रा कापायचा, वजन जमेपर्यंत कोपरे छाटायचे आणि एकेक ठसा ठोकायचा. राजाचा चेहरा नाही, नाव नाही, एक अक्षर नाही. ठशांचा नेमका अर्थ आज कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मला त्यांच्याजवळ बसावंसं वाटतं ते बहुधा म्हणूनच.

माझ्याकडे असं एकच आहे. संध्याकाळी ते मुठीत धरलं की हळूहळू कोमट होतं. मग कुठलातरी नदीकाठ दिसतो, गोदावरीसारखा, पण घाट नसलेला. कुणीतरी मान खाली घालून बसलेलं असतं. हात वर जातो, खाली येतो. ठसा ठोकल्याचा आवाज मात्र कधीच ऐकू येत नाही. तो माणूस वर बघेल असं वाटत असतानाच मूठ उघडते.

दुकानातही मी तशीच कुठेतरी गेले असणार, कारण भानावर आले तेव्हा तो तुकडा मोडीच्या वाटीत होता आणि सोनारकाका मागच्या शेगडीकडे जायला उठत होते.

“एवढं काय बघतेस गं?” काकूने विचारलं.

“काही नाही.”

इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझ्या डोक्यात वाक्यं आधी इंग्रजीत जुळतात आणि मराठीत येईपर्यंत वेळ निघून जातो. शिवाय सांगायचं तरी काय? नाणं आहे म्हटलं तर काकूचा देव जाणार. गप्प राहिलं तर सूर्य जाणार. आतून गॅस भक्कन पेटल्याचा आवाज आला.

“थांबा!” माझा आवाज केवढा तरी मोठा आला. “ते नाणं आहे. फार जुनं. वितळवू नका.”

सोनारकाका वाटी घेऊन परत आले.

“अगं बाई! म्हणजे इतकी वर्षं मी पैशाला गंध लावत होते?”

सोनारकाका खो खो हसले. काकूही हसायला गेली, पण तिचा चेहरा मधेच उतरला. पदराचं टोक बोटांना गुंडाळत ती वाटीकडे बघत राहिली.

मी तुकडा उचलून तिच्या तळहातावर ठेवला. चिंचेने घासून घासून वरचा भाग गुळगुळीत झाला होता, पण खाचांमध्ये चंदन वाळून बसलं होतं आणि त्यामुळेच एकेक किरण वेगळा दिसत होता.

“सूर्याला लावत होतीस, काकू,” मी म्हणाले. “हा बघ. ह्याला घरी नेऊ या, आहे तसाच.”