दगानानांचा डावा कान

नव्वदीच्या सुरुवातीला आमची तोफखाना रेजिमेंट आग्रा रोडने देवळालीकडे निघाली होती. सोनगीरच्या अलीकडे मुक्काम पडला. मी वायरलेस ऑपरेटर, गाव अमळनेर. आमच्या तोफेचे नंबर वन, म्हणजे तोफेवरचे प्रमुख, हवालदार दगा पाटील चोपड्याचे. वय चाळिशीच्या पुढे. आम्ही त्यांना नाना म्हणायचो.

सकाळी साडेपाचला पीटी. आम्ही पळायचो, नाना चहाच्या भगोन्यापाशी उभे राहायचे. चाळिशीनंतर गुडघ्याचं कारण सांगून पीटी चुकवणं हा जुन्या हवालदारांचा जणू हक्कच होता. दुसरी रीत त्याहून वाईट. गोळा सुटताना कानात कापूस घालणाऱ्याला आमच्याकडे 'नवी नवरी' म्हणत. जिल्हाभर कापूस पिकवणारी आम्ही माणसं, पण बोटभर कापूस कानात घालायची आम्हाला लाज वाटे. नानांनी तोवरच्या नोकरीत तो कधी घातला नव्हता. त्यांचा डावा कान गेला होता. ते लपवायला कोणी बोलू लागलं की ते उजवी बाजू पुढे करून उभे राहत. तोफेवरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी रिपोर्ट केला नाही. याला आम्ही इमान म्हणत होतो. माझ्या मते तो भित्रेपणा होता. ज्याला ओरडणं ऐकू येत नाही, त्याच्या हाती आठ माणसांचा जीव द्यायचा आणि वर त्याला इमान म्हणायचं!

सोनगीरच्या मुक्कामी सकाळी सेटवर तोफ गाडीला जोडायचा हुकूम आला.

"चार्ली टू, हुक अप. पाच मिनिटांत मूव्ह. ओव्हर."

"चार्ली टू, रॉजर."

तोफ उतारावर होती. ती ओढणारी गाडी तिच्याकडे मागे येत होती. नाना तोफेकडे पाठ करून ड्रायव्हरला हात दाखवत होते. चाकाखालचा दगड निसटला. तोफ हळूच सरकली, मग सुटली.

मी ओरडलो, "नाना, हटा!"

ते हात दाखवतच राहिले.

गनर भटू धावला. तो धुळ्याकडचा, आमच्यात सगळ्यात वेगवान. त्याने नानांचा पट्टा धरला आणि दोघे चारीत कोसळले. तोफेचा दांडा गाडीच्या मागच्या फळीत घुसला. नाना उभे होते तिथला पत्र्याचा डबा चपटा झाला.

मग भटू अंगावरची माती झटकत म्हणाला, "नाना, आते तरी आयकाले येस का?"

"माले बठ्ठं आयकू येस," सगळं ऐकू येत असल्याच्या थाटात नाना म्हणाले. मग डब्याकडे पाहून हसू लागले. आम्हीही हसलो.

नाना स्वतःच एमओकडे, रेजिमेंटच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर स्पष्ट बोलले, "तोफेनं नेलेला कान परत येणार नाही. उरलेला जपा. कापूस घाला, बिडी सोडा, रोज पळा. कानाच्या बारीक नसांनाही रक्त लागतं. ते धड राहिलं तर म्हातारपणी निदान एक कान साथ देईल." नानांची तोफेवरून स्टोअरला बदली झाली आणि दुसऱ्या दिवशी ते कानात कापूस घालून पीटीला हजर झाले.

"नवी नवरी उनी रे!" भटू ओरडला.

"पळ गाढवा, नहीतं तुले माले गाठता येवाव नही," नाना म्हणाले.

पुढे आमच्यातला एकटा भटू बर्फातल्या एका चौकीवर गेला. तिथून आला नाही.

मी नोकरी लवकर सोडली. नाना पेन्शनीत आल्यावरही केळीच्या बागांमधून रोज पहाटे पळायचे. जळगावच्या डॉक्टरांनी तपासलं, उजवा कान होता तसाच होता. मला ते सांगायला ते एसटीने अमळनेरला आले. मग दोघं मिळून भटूच्या गावी गेलो.

त्याची माय ओट्यावर बसली होती. रस्त्यावरून ट्रक जात होते. ती खाली बघत, ओठातल्या ओठात म्हणाली, "मना भटू तठे पोटभर जेवे का?"

मला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारणार होतो. नानांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. असा प्रश्न कोणती आई दोनदा विचारणार?

"जेवे, माय," नाना म्हणाले. "मनी भाकर बी खाई जाये."